दहाव्याचा वक्ता

आमच्या भागात माणूस मेल्यावर दहाव्या दिवशी त्याच्याबद्दल जेवढं चांगलं बोललं जातं, तेवढं तो जिवंत असताना उभ्या जन्मात कुणी बोललेलं नसतं. नारायणगाव, वारूळवाडी, घोडेगाव, कुठेही जा. नदीकाठी मांडव, पांढऱ्या टोप्यांची रांग, आधी महाराजांचं प्रवचन आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. ज्याला मयताचं नावसुद्धा कागदावर बघून घ्यावं लागतं तो पुढारी 'कधीही न भरून येणारी पोकळी' म्हणतो आणि पुढच्या दहाव्याला जायला गाडीत बसतो. मेलेल्याबद्दल वाईट बोलायचं नाही आणि कुणी बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही, हे दोन नियम लहान पोरांनाही ठाऊक असतात.

या भाषणांतला आमच्याकडचा सगळ्यात मोठा वक्ता म्हणजे सावळेराम केंगले. शिक्षण सातवी, काम दुसऱ्याच्या रानात राबण्याचं. त्याच्याबद्दल लिहायचं तर मला स्वतःबद्दलही लिहावं लागेल आणि ते मला मुळीच आवडत नाही. पण आता लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही, हेही मला कळतं.

मी इंद्रायणी. नारायणगावच्या एका वाचनालयात तीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली. पुस्तक वेळेवर परत न आणणाऱ्याला मी चारचौघांत बोलले आहे, त्यामुळे गावात माझं नाव फार प्रेमानं घेतलं जात नाही.

सावळेराम मूळचा डिंभ्याच्या धरणापलीकडचा. डोंगरात भाताची खाचरं, उतारावर नाचणी आणि वरी, उन्हाळ्यात हिरडा गोळा करायचा, असं ते गाव. आठ महिन्यांचा असताना त्याची आई गेली. चुलती गोजरबाई, तिनं त्याला उचललं आणि आपल्या पोराबरोबर वाढवलं. तिचा पोरगा सोमाजी याच्याहून चार वर्षांनी लहान. विसाव्या वर्षी सावळेराम खाली आला आणि वारूळवाडीच्या हौशीरामकडे गडी म्हणून राहिला. हौशीराम म्हणजे पिढीजात बागायतदार, टोमॅटो, द्राक्षं, दोन ट्रॅक्टर, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात टाकायची सवय.

दोन हजार आठ साली हौशीरामची आई प्रयागबाई वारली. मीना नदीच्या घाटावर दहावा होता. मोठमोठ्यांची भाषणं झाली आणि मागच्या रांगेतून सावळेराम उठला. म्हणाला, मलाबी दोन शब्द बोलायचेत. माईक सांभाळणारे गुरुजी म्हणाले, "वेळ कमी आहे, गडीमाणसांनी खाली बसावं." कुणीतरी विचारलं, हा कुणाचा कोण? चार लोक हसले. दहाव्याला माणसं हसतात, काय सांगायचं. तेवढ्यात ओल्या धोतरातला, डोकं भादरलेला हौशीराम विधी सोडून उठला, मागे गेला आणि सावळेरामचा हात धरून त्याला माईकपाशी घेऊन आला.

"ह्यो माझा मैतर हाय," तो म्हणाला. "घरातला हाय. ह्याला बोलू द्या."

सावळेराम चार-पाच मिनिटं बोलला. म्हातारी त्याची भाकरी चुलीच्या कडेला झाकून कशी ठेवायची, तो जेवेपर्यंत स्वतः कशी जेवायची नाही, एवढंच. आवाज खर्जातला, कुठे घाई नाही. घाटावर डोळे पुसले नाहीत असं माणूस राहिलं नाही. मीही पुसले. निघताना मी त्याला गाठलं आणि विचारलं, "वाचतोस का काही?"

दुसऱ्या दिवशी तो वाचनालयात आला आणि मी त्याला कर्णावरची एक जाडजूड कादंबरी दिली. पुण्याच्या कुण्या निवृत्त प्राध्यापकानं स्वतःच्या खर्चानं छापलेली, मुखपृष्ठ गेलेलं. विहिरीवरच्या पंपाच्या खोलीत बसून त्यानं ती तीन महिने वाचली. परत आणताना पुस्तक छातीशी धरलं होतं. म्हणाला, "बाई, हे तर माझंच लिवलंय."

यात काय समजायचं राहिलं? भर मैदानात कर्णाला कूळ विचारलं, सगळे हसले आणि एकट्या दुर्योधनानं उठून त्याला राजा केलं. सावळेरामनं ते घाटावर भोगलेलं होतं.

तिथून तो वाचत सुटला. हल्ली प्रत्येकाची बाजू सांगणारी पुस्तकं निघतात. द्रौपदीची बाजू, ऊर्मिलेची बाजू, गांधारीची, रावणाचीसुद्धा. बाजू नसलेला एकही माणूस रामायण-महाभारतात उरलेला नाही. सावळेराम ती सगळी वाचायचा आणि दहाव्याला सांगायचा. जमिनीवरून भाऊ भांडत असतील तर भरताच्या पादुका. लाडावलेलं पोरगं असेल तर गांधारीची पट्टी. सून राबून राबून मेली असेल तर ऊर्मिला, आणि तेव्हा सासूकडे न बघता बोलायचं कसब त्याला होतं. वैद्याच्या पुड्या असतात तसं, घर बघून पुडी. लोक लांबून गाडी पाठवून त्याला न्यायला लागले. पण शेवट कर्णानं व्हायचा. ज्यानं पडत्या काळात हात दिला त्याचा हात सोडायचा नाही, मग तो चुकत असला तरी. हे बोलताना तो हौशीरामकडे बघायचा आणि हौशीराम मान खाली घालायचा. मला ते दृश्य फार आवडायचं.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. त्या कादंबरीत द्यूतसभेचा प्रसंग अर्ध्या पानात उरकला होता. कर्ण 'रागाच्या भरात काही बोलून गेला' असं एक वाक्य होतं. मी मूळ वाचलेलं आहे. भर सभेत ओढून आणलेल्या बाईला तो कोणत्या शब्दानं बोलला, आणि तिची वस्त्रं उतरवा असं दुःशासनाला कुणी सांगितलं, ते मला माहीत होतं. सावळेरामचा कर्ण त्याला इतका शोभत होता की त्यावर डाग पाडायचं माझ्या जिवावर आलं. खरं सांगायचं तर त्याच्या तोंडून मलाच तो कर्ण ऐकायचा होता.

दोन हजार एकोणीसच्या एप्रिलमध्ये हौशीरामनं विहीर खोल करायला काढली. वर यारी बसवली होती. तारेच्या दोराला लोखंडी बादली, तिच्यातून फोडलेला दगड वर यायचा आणि माणसंही चढउतार करायची. तसं करू नये, पण सगळीकडे करतात. कामावर सगळी डोंगरातली माणसं, मुकादम सावळेराम. त्या वर्षी त्यानं सोमाजीलाही खाली आणलं होतं. सोमाजी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, मांस नाही, दारू नाही, चहासुद्धा बेताचा. बायको रत्ना आणि दोन लेकरं वर गोजरबाईपाशी.

त्या दिवशी सकाळी दोराच्या तारा सुटलेल्या सावळेरामनं पाहिल्या. त्यानं जाऊन हौशीरामला सांगितलं. हौशीराम म्हणाला, "आजचा दिस काढा राव, उद्या नवा आणतो. पाणी लागायला आलंय." सावळेरामनं दिवस काढला. दुपारी जेवायला वर येताना सोमाजी बादलीत बसला आणि तळापासून साठ फुटांवर दोर तुटला.

संध्याकाळी सहा वाजता सावळेराम वाचनालयात आला. मला यातलं अवाक्षर माहीत नव्हतं. मी दिवसभराची पुस्तकं कपाटात लावत होते. त्याच्या सदऱ्याला माती होती आणि बाहीवर काळपट डाग होता. शेतातून आला असेल, असं मला वाटलं. तो टेबलापाशी उभाच राहिला.

"बाई, दुर्योधनाचं चुकतंय, हे कर्णाला म्हाईत व्हतं ना?"

"होतं की."

"समोर आपलीच भावंडं हायेत, हे बी?"

"कृष्णानं सांगितलं, कुंतीनं सांगितलं. सगळं माहीत होतं."

"मग कसं केलं त्यानं?"

मी पुस्तक कपाटात सरकवता सरकवता म्हणाले, "मित्राला सोडलं असतं तर तो कर्ण राहिला असता का, सावळेराम? चारजणांसारखाच एक झाला असता." वाक्य मला स्वतःलाच आवडलं. तो मान हलवून गेला. काय झालंय, असं एका शब्दानं मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पोलिसांपुढे जबाब दिला. सोमाजी दारू प्याला होता, मी नको म्हणत असताना बादलीत बसला, तोल जाऊन पडला. दोर नंतर तुटला. हौशीरामनं त्याला एवढंच बोलायला सांगितलं होतं, खांद्यावर हात टाकून. "सावळ्या, एवढ्या येळेला," एवढंच तो म्हणाला होता. बाकीच्या मजुरांनी मुकादमाच्या सुरात सूर मिसळला. त्यांना पुढच्या कामाला त्याच्याच मागे यायचं होतं. अपघात म्हणून प्रकरण मिटलं. पोटात दारू होती का नव्हती ते सांगणारा शवविच्छेदनाचा कागद कुठल्या तरी फायलीत असेल. तो मागायचा असतो हे रत्नाला कुणी सांगितलं नाही.

इथवर थाप नुसती कागदावर होती. डोंगरात अजून कुणी ती मानलेली नव्हती. सोमाजी आणि दारू? लोक म्हणत, दोर कुजका असणार, दुसरं काय.

मग दहावा आला. वरच्या गावांत दहाव्याला भाषणं होत नाहीत. विधी करायचा, दहाजणांनी जेवायचं, उठायचं. पण हौशीराम तीन जीपा भरून माणसं घेऊन गेला. सोबत स्पीकर आणि माईकही नेला. गड्याच्या दहाव्याला बागायतदार एवढी माणसं घेऊन आला, याचंच त्या गावाला अप्रूप वाटलं. मीही एका जीपमध्ये होते. धरणाच्या पाण्याच्या कडेला सगळे बसले. दोघंतिघं बोलले आणि माईक सावळेरामकडे आला.

त्यानं सुरुवात चांगली केली. सोमाजी लहानपणी त्याच्या पाठीवर बसून ओढा कसा ओलांडायचा ते सांगितलं. मग थांबला. हौशीराम समोरच बसला होता. सावळेरामनं त्याच्याकडे पाहिलं आणि यादवांची गोष्ट काढली. केवढं कूळ, प्रत्यक्ष देव ज्यांच्या घरात, ते समुद्राच्या काठी दारू प्याले आणि एकमेकांना मारून संपले. देवालासुद्धा त्यांना वाचवता आलं नाही. "माझा भाऊ लाखात एक व्हता," सावळेराम म्हणाला. "पण एका दिसाच्या दारूनं त्याला नेला. पोरांनो, त्याच्याकडनं येवढं शिका."

रत्ना बायकांतून उठली, पदर तोंडावर घेतला आणि लांब पाण्याच्या कडेला पाठ करून बसली. गोजरबाई जागची उठली नाही. ती सावळेरामच्या तोंडाकडे बघत होती.

आणि त्या दिवशी थाप खरी झाली. दहाव्याला मेलेल्याबद्दल वाईट कुणी बोलत नाही. जो बोलला तो सख्ख्यापेक्षा सख्खा भाऊ. मग ते खोटं कसं असेल? डोंगरातल्या शेवटच्या वाडीपर्यंत त्याच दिवशी कळलं की सोमाजी माळ घालून दारू पीत होता. मला काय वाटलं ते सांगते, लाज सोडून सांगते. मला वाटलं, केवढा खरा माणूस! स्वतःच्या भावाचं व्यसनसुद्धा लपवलं नाही. परतताना जीपमध्ये मी त्याला म्हणाले, "धाडस लागतं रे याला." त्यानं घाटात गाडी थांबवायला लावली, उतरला आणि मागच्या जीपमध्ये जाऊन बसला.

कुणीतरी ते भाषण मोबाइलवर घेतलं होतं. 'व्यसनमुक्तीवर सुंदर विचार' म्हणून ते चार तालुक्यांत फिरलं. सावळेरामला शाळांतून बोलावणी यायला लागली. तो जायचा, यादवांची गोष्ट सांगायचा. दरवेळी सोमाजी पुन्हा एकदा दारू पिऊन मरायचा.

वर गोजरबाईनं त्या पितृपक्षात पोराचा घास ठेवला नाही. सगळ्यांचे ठेवले, नवऱ्याचा, दिराचा, सासू-सासऱ्यांचा. सोमाजीचा नाही. "माळ घालून प्यालेल्याला माझ्या हातचा घास नाय," ती म्हणाली. रत्नानं परोपरीनं सांगितलं की तो प्यालेला नव्हता. म्हातारी म्हणायची, "मी वाढवलेला पोरगा माईकवर खोटं बोलंल व्हय? त्यो बी भावाच्या दहाव्याला?" सोमाजीची थोरली श्रेया तेव्हा दहा वर्षांची होती. शाळेत तिला पोरी दारुड्याची म्हणत. ती घरी येऊन आजीला विचारायची आणि आजी चुलीत लाकडं सारत बसायची.

दोन वर्षांनी एका शनिवारी रत्ना गोजरबाईला घेऊन आली, तीन एसट्या बदलून. हौशीरामच्या अंगणात पाय ठेवायचा नाही, पण सावळेराम शनिवारी दुपारी वाचनालयात असतो हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. म्हातारी जिन्यानं धापा टाकत वर आली. मी खुर्ची दिली, ती जमिनीवर बसली. सावळेराम हातातलं पुस्तक तसंच धरून उभा राहिला.

"सावळ्या, एकच इचारते," गोजरबाई म्हणाली. "माझा सोमाजी प्याला व्हता का?"

त्यानं हातातलं पुस्तक टेबलावर ठेवलं.

"काकी," तो म्हणाला, "पोरांचं मी बघंन. श्रेयाचं शिक्षाण, धाकट्याचं बी. त्यांना काय कमी पडू देणार नाय."

"पोरांचं नाय इचारलं म्या."

"मी शब्दात अडाकलोय, काकी."

"कुणाच्या शब्दात?" रत्नानं विचारलं.

त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मला तेव्हाही काही कळलं नाही.

गोजरबाई भिंतीला धरून उठली. "आठ म्हयन्याचा उचलला तुला," ती म्हणाली. "तवा मी कुणाला शब्द दिला नव्हता." आणि ती जिना उतरली. रत्ना मागोमाग गेली.

त्या गेल्यावर सावळेरामनं मला सगळं सांगितलं. दोराच्या तारा, हौशीरामचा हात, जबाब. आणि मग म्हणाला, "त्या सांजच्याला तुमच्याकडं आलो व्हतो, बाई. सकाळी खरं बोलायचं म्हनूनच आलो व्हतो. तुमी म्हनाला, सोडलं असतं तर कर्ण राह्यला असता का."

मला स्वतःचा राग आला की मी नेहमी करते तेच करते, तो दुसऱ्यावर काढते. मी त्याच्यावर ओरडले. म्हणाले, ती कादंबरी होती रे, जबाब नव्हता. मग द्यूतसभेतला तो कर्ण त्याला सांगितला, शब्दन् शब्द. त्यानं ऐकून घेतलं.

"हे पुस्तकात न्हाई," तो म्हणाला.

"नाही."

"तुमाला म्हाईत व्हतं?"

"होतं."

"मंग मला का नाय सांगितलं?"

मी त्याला म्हणाले, आत्ता जा, त्या स्टँडवर असतील, म्हातारीला एवढं सांगून ये. तो पळत गेला. बस उभी होती म्हणे. खिडकीत गोजरबाई दिसत होती. तो खांबाआड उभा राहिला आणि बस सुटल्यावर परत आला. "पाय उचलला न्हाई," म्हणाला.

मी स्वतः का गेले नाही, असं वाचणारा विचारेल. मी मनाशी म्हणत राहिले की हे त्यानंच सांगायला हवं, माझं ते काम नाही. पण खरं कारण वेगळं आहे. मी वर गेले असते तर मला माझं वाक्यही सांगावं लागलं असतं. दोन वर्षं मी त्याच्या मागे लागले, अर्ज लिहून देते म्हणाले, आणि तो पुढच्या आठवड्यात म्हणत राहिला. हौशीराम त्याच्याशी पूर्वीसारखाच प्रेमानं वागत होता, हीच त्याची अडचण होती. लाथ मारली असती तर सुटला असता.

दोन हजार तेवीसच्या जानेवारीत गोजरबाई गेली. शेवटच्या पितृपक्षातही तिनं पोराचा घास ठेवला नव्हता.

दहाव्याला आम्ही गेलो. या खेपेला गावानं आपणहून माईक आणला होता, कारण सावळेराम बोलणार होता. चार वर्षांत तो त्यांचा मोठा माणूस झाला होता. हौशीरामही आला होता, पुढच्या रांगेत बसला होता. सावळेराम उभा राहिला. ना भरत, ना गांधारी.

"माझा भाऊ सोमाजी कदी दारू प्याला न्हाई," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. हितंच, ह्याच जागेवर बोललो. दोर तुटका व्हता. सकाळी म्या बघितला व्हता. माझ्या काकीनं मला इचारलं, तवा बी मी गप बसलो. ती तशीच गेली."

एवढंच बोलून तो उभा राहिला. बायका रडत होत्या. म्हातारी माणसं माना हलवत होती. मी रत्नाकडे पाहिलं. मला वाटलं, सुटली बाई एकदाची.

हौशीराम उठला. सावळेरामच्या हातातून माईक घेतला आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं होतं असं मी म्हणणार नाही, ते जास्त वाईट आहे.

"दुःखात मानूस असाच बोलतो, मंडळी," तो म्हणाला. "आईच्या आत्म्याला शांती मिळावी म्हनून ह्यानं भावाचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतलं. एवढं नाव कमावलं, ते आज भावाला देऊन टाकलं. कर्ण कर्ण म्हनत्यात तो ह्यो. मी माझ्या डोळ्यांनी बघतोय."

आणि लोकांनी मानलं. मी त्यांना दोष कसा देऊ? दहाव्याला मेलेल्याबद्दल चांगलंच बोलायचं असतं, आणि भावानं भावाला झाकलं यात नवल ते काय. त्याचं वाईट बोलणं खरं ठरलं होतं, कारण तसं दहाव्याला कुणी बोलत नाही. त्याचं खरं बोलणं खोटं ठरलं, कारण तसं सगळेच बोलतात. लोक येऊन सावळेरामच्या पाया पडले. तो "न्हाई हो, खरंच न्हाई" म्हणत पाय मागे घेत होता, आणि त्यानं लोकांना आणखीच भरून येत होतं.

मी उठले. मी म्हणाले, हा खरं बोलतोय, मला माहीत आहे. कुणीतरी मला हाताला धरून खाली बसवलं. "बाई, तुमचंबी मन मोठं हाय," तो म्हणाला.

त्यानंतर सावळेराम जिथे तिथे सांगत सुटला. घोडेगावच्या स्टँडवर, जुन्नरच्या बाजारात, चहाच्या टपरीवर. विहिरीवरच्या मजुरांना त्यानं गाठलं. ते म्हणाले, भाऊ, आता मिटलेलं कशाला उकरता. त्यानं हौशीरामचं काम सोडलं. तेव्हा लोक म्हणाले, भावाच्या दुःखानं डोक्यावर परिणाम झाला. मी लिहिलेला अर्ज घेऊन आम्ही दोघं पोलीस ठाण्यात गेलो. साहेबांनी सगळा वाचला, ठेवून घेतला, सावळेरामला पाणी दिलं आणि घरी कोण असतं असं मला बाजूला घेऊन विचारलं.

पावसाळा संपता संपता आम्ही रत्नाकडे गेलो. त्याला तिची माफी मागायची होती, मलाही. ती ओट्यावर बसून सुपात वरी पाखडत होती. आम्हाला बसायला पोतं टाकलं. श्रेया आतून तांब्या घेऊन आली, ठेवला आणि परत गेली. मी माझं सांगितलं, त्या संध्याकाळचं वाक्यसुद्धा सांगितलं. रत्नानं ऐकलं. पुस्तकातलं तिला काही विचारायचं नव्हतं.

सावळेराम म्हणाला, "रत्ना, मी अजून सांगंन. गावोगाव जाऊन सांगंन. मानंस्तवर सांगंन."

तिनं सूप खाली ठेवलं. ती चिडलेली नव्हती. दमलेली होती.

"भाऊजी, म्हातारीला एकदा सांगितलं असतं तर बास व्हतं. तिनं मानलं असतं. आता नका सांगू कुणाला," ती म्हणाली. "तुमी सांगून आलात का दुसऱ्या दिशी बाया मला म्हंत्यात, बघ, तुझ्या नवऱ्याची दारू झाकायला बिचारा कुठंकुठं फिरतोय. इसरत चालले व्हते लोक. तुमी जितकं सांगताय, तितका त्यो जास्त प्यालेला ठरतोय."